आधी ऑडिट, मग देणगी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या व्याख्यानमालेतील तिसऱ्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते आपल्या 'बी' विंगमधील सभासद असून निवृत्त विद्युत अभियंता व प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक आहेत.)



सचिवांनी मला अर्धा तास दिला आहे. खाली पावभाजीचा तवा तापलाय आणि वास इथपर्यंत येतोय, म्हणजे विसाव्या मिनिटाला तुमचं माझ्याकडचं लक्ष उडणार, हे मला माहीत आहे. तेव्हा प्रस्तावना आवरती घेतो.

पुढच्या महिन्यात आपली विशेष सर्वसाधारण सभा आहे. रौप्यमहोत्सवी निधीतून मागच्या गल्लीतल्या शाळेला काहीतरी भेट द्यायची, असा विषय त्यात आहे. आपल्यापैकी निम्म्या घरांतली मुलं त्या शाळेत शिकली. काहींची नातवंडं आज तिथे आहेत. त्यामुळे द्यायचं की नाही, यावर वाद नाही. काय द्यायचं, यावर तीन सूचना आल्या आहेत. एक, संगणक कक्षाला एसी. दोन, गच्चीवर सोलर पॅनेल. तीन, मोठा वॉटर कूलर. तिन्हींच्या खाली 'सप्रेम भेट' असं लिहून आपल्या सोसायटीचं नाव टाकता येईल, हा त्यांचा समान गुण.

मी आज चौथी सूचना मांडायला उभा आहे, आणि तिच्यावर नाव कोरता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझं म्हणणं आहे, आपण शाळेच्या इमारतीचं एनर्जी ऑडिट करून द्यावं. ऊर्जा लेखापरीक्षण. आणि त्यातून जी पहिली तीन-चार कामं निघतील, ती करून द्यावीत. एसी, सोलर, कूलर यांचा विचार त्यानंतर.

'ऑडिट' म्हटलं की आपल्याकडे चेहरे पडतात. सोसायटीवाल्यांना ऑडिटचं काय कौतुक! सहकार कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे दरवर्षी हिशेबाचं ऑडिट होतं. आपली इमारत पंधरा वर्षांच्या पुढे गेली, म्हणून उपविधीप्रमाणे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं; तीस वर्षं झाली की दर तीन वर्षांनी. अग्निशमन यंत्रणेचा दाखला जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यायचा. हे सगळं आपण करतो, कारण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट माहितगार माणसाकडून तपासून घ्यावी लागते, हे आपल्याला पटलेलं आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला भेगा पडलेल्या कॉलमबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. विजेची गळती मात्र भिंतीवर ओल धरत नाही, प्लास्टर पाडत नाही. ती फक्त बिलात येते, आणि बिल आपण भरून मोकळे होतो.

२००० साली आपली सोसायटी नोंदली गेली, तेव्हाचे दिवस आठवा. पुढच्या पाच-सात वर्षांत भारनियमन काय असतं, ते आपण पुरेपूर अनुभवलं. मुलुंडच्या अलीकडे मुंबईत दिवे झगझगीत आणि डोंबिवलीत आपण मेणबत्त्या शोधतोय. जोशीकाकूंच्या भाषेत, 'आमची दहावी कंदिलावर झाली.' १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा वाहिनीच्या बिघाडानंतर मुंबई, ठाण्यासकट सगळंच बंद पडलं, तेव्हा मुलांच्या ऑनलाइन शाळाही बंद पडल्या. एकेकाळी ठाकुर्लीला रेल्वेचं चोळा पॉवर हाऊस होतं. वीज कुठून येते ते गाडीच्या खिडकीतून दिसायचं. आता ती चंद्रपूर-कोराडीहून येते, की आणखी कुठून, आपल्याला पत्ता नसतो. बटण दाबलं की आली. त्या भारनियमनाच्या काळात आपण एक चांगली सवय शिकलो होतो, ती म्हणजे कशाला किती लागते हे विचारायची. ऑडिट म्हणजे तोच प्रश्न, फक्त मीटर हातात घेऊन विचारलेला.

आता हे प्रकरण प्रत्यक्षात कसं चालतं, ते सांगतो. २००१ साली आपल्या देशात ऊर्जा संवर्धन कायदा झाला. मार्च २००२ पासून दिल्लीचा ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी काम करू लागला. फ्रिजवर, एसीवर जे तारे दिसतात ते याच ब्युरोचे. हाच ब्युरो परीक्षा घेऊन ऊर्जा लेखापरीक्षक प्रमाणित करतो. आपल्या राज्यात महाऊर्जा, म्हणजे 'मेडा', ही संस्था आहे. तिच्याकडे नोंदणी झालेल्या लेखापरीक्षकांची यादी असते. असा माणूस शाळेत येतो तो क्लॅम्प मीटर, पॉवर अ‍ॅनालायझर, उजेड मोजणारा लक्स मीटर, तापलेली जोडणी दाखवणारा कॅमेरा असं सामान घेऊन. आधी किमान बारा महिन्यांची बिलं मागतो. मग खोली-खोली फिरतो. कुठे किती दिवे, किती पंखे, किती वॅटचे, किती तास चालू, हे लिहून घेतो. पंप, पाण्याच्या टाक्या, वायरिंग, मेन बोर्ड पाहतो. शेवटी अहवाल देतो : कुठे किती जातं, काय केलं तर किती वाचेल, खर्च किती, तो किती दिवसांत वसूल होईल.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. म्हणून आधी माझी स्वतःची चूक सांगतो.

वागळे इस्टेटच्या कारखान्यांत बरीच वर्षं कॉम्प्रेसर आणि बॉयलर बघितल्यावर मी निवृत्त झालो. एका परिचितांच्या शाळेचं काम हौसेनं, विनामूल्य घेतलं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण दोष शाळेचा नव्हता. वर्गात चार-चार ट्यूबलाइट होत्या. मी कारखान्याच्या हिशेबाने पाहिलं : दिवसाउजेडी चार ट्यूब कशाला? दोन काढा. तसं लिहून दिलं, शाळेने प्रामाणिकपणे केलं, बिल कमी झालं. मी खूश. जुलैमध्ये सहज चक्कर मारली, तर पाचवीच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "सर, बिल कमी झालं हे खरं, पण पाऊस भरून आला की मागच्या दोन बाकांवरच्या मुलांना फळा दिसत नाही. मी त्यांना पुढे जमिनीवर बसवते."

मी ऑडिट केलं होतं मार्चमध्ये, लख्ख उन्हात. आणि लक्स मीटर घरी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. वर्गासाठी आपल्याकडच्या मानकाप्रमाणे साधारण ३०० लक्स उजेड हवा. मागच्या बाकावर ७० भरला. खिडक्यांना पावसाची झड येऊ नये म्हणून बाहेरून पत्रे ठोकलेले होते. आतून एका खिडकीपुढे कपाट उभं होतं. मला ते मार्चमध्ये दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नव्हता. आम्ही ट्यूब परत लावल्या. एका वर्गात तर चाराच्या पाच केल्या.

त्या दिवशी मला कळलं की शाळेचं ऑडिट कंजूषपणासाठी करायचं नसतं. इमारत मुलांसाठी आहे. मुलाला फळा दिसला पाहिजे, घाम न पुसता बसता आलं पाहिजे, आणि हे कमीत कमी विजेत झालं पाहिजे, या क्रमाने. क्रम उलटा केला की माझ्यासारखी फजिती होते. म्हणून मी सांगतो, काम हौशी माणसाकडून करू नका. मी तेव्हा प्रमाणित असूनही शाळांच्या बाबतीत हौशीच होतो. ज्याने शाळा तपासल्या आहेत असा माणूस घ्या, आणि त्याने उजेड मोजला का, हे आवर्जून विचारा.

आता थोडं गणित करू. सातवी-आठवीची मुलं मोबाइलवर पडताळून पाहू शकता.

समजा एका वर्गात चार जुन्या ट्यूब आहेत, ४० वॅटच्या. जुना चोक आणखी १२ वॅट खातो, म्हणजे एक ट्यूब ५२ वॅटची पडते. चार पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे. शाळा दोन अधिवेशनांत भरते, म्हणून वर्ग दिवसाला ९ तास चालू. वर्षाचे दिवस २२०. म्हणजे १९८० तास. ट्यूबच्या जागी २० वॅटची एलईडी लावली तर चार ट्यूबमागे १२८ वॅट वाचतात, वर्षाला सुमारे २५० युनिटं. पंख्याच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावला तर चार पंख्यांमागे १८० वॅट, वर्षाला सुमारे ३५० युनिटं. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये समजू. ट्यूबमुळे वर्षाला अडीच हजार आणि पंख्यांमुळे साडेतीन हजार वाचले.

यावर कोणी म्हणेल, मग पंखेच आधी बदला. थांबा. चार एलईडी ट्यूबना हजार-बाराशे रुपये लागतील. ते सहा महिन्यांत वसूल. चार पंख्यांना अकरा-बारा हजार. ते वसूल व्हायला तीन वर्षांहून जास्त. म्हणून ट्यूब लगेच सगळ्या बदलायच्या, आणि पंखे जसजसे बिघडतील तसतसे. जळालेला पंखा रिवाइंड करून पुन्हा टांगायचा नाही, एवढा नियम केला तरी पुरे. २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही तारांकन सक्तीचं झालं आहे, त्यामुळे दुकानात विचारायला सोपं. आणि एक अनुभवाचा सल्ला : शाळेसाठी रिमोटवर चालणारा पंखा घेऊ नका. आठवड्यात रिमोट सहावी 'अ' मध्ये आणि पंखा सहावी 'ब' मध्ये असतो. भिंतीवरच्या बटणावर चालणारा घ्या.

२४ वर्गांची शाळा धरली तर वर्षाला साडेचौदा हजार युनिटं, म्हणजे जवळजवळ दीड लाख रुपये. पण इथेच सावध राहा. हे गणित मी इथे उभं राहून केलं. सगळे दिवे-पंखे नऊ तास, सगळे दिवस चालू असतात हे मी गृहीत धरलं. डिसेंबर-जानेवारीत पंखे निम्मेच लागतात. काही वर्ग दुपारी रिकामे असतात. २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितल्यावर अनेक शाळांच्या वेळा बदलल्या, म्हणजे सकाळच्या दिव्यांचे तास कमी आणि दुपारच्या पंख्यांचे जास्त. प्रत्येक शाळेचं खरं चित्र मोजल्याशिवाय कळत नाही. विक्रेता येतो तो माझ्यासारखं गणित करून दाखवतो. लेखापरीक्षक येतो तो मोजतो. फरक एवढाच आहे, पण पैसे त्या फरकातच असतात.

मोजल्यावर काय काय निघतं, त्याचे काही नमुने सांगतो.

पहिला, बिल. शाळांना घरगुती दर लागत नाही. 'सार्वजनिक सेवा' असा त्यांचा वेगळा गट आहे, त्यातही सरकारी शाळा आणि इतर असे दोन भाग. आपली शाळा बरोबर गटात आहे का, हे बिलाच्या वरच्या कोपऱ्यातच कळतं. पण बघतो कोण? मंजूर भार २० किलोवॉटच्या वर असेल तर स्थिर आकार मागणीनुसार लागतो. कधीकाळी सभागृहाला मोठा एसी बसवायचा म्हणून भार वाढवून घेतला, एसी आलाच नाही, आणि वर्षानुवर्षं न वापरलेल्या भाराचे पैसे जाताहेत, असं दिसतं. एक अर्ज केला की काम होतं. खर्च नाममात्र.

दुसरा, पॉवर फॅक्टर. हा शब्द ऐकून घाबरू नका. रसवंतीगृहात ग्लासभर उसाचा रस मागितला आणि वरचा पाव ग्लास फेसच निघाला, तर तहान तेवढ्या प्रमाणात कमी भागते, पण ग्लास मात्र भरलेलाच असतो. जुने चोक, जुने पंप हे असा फेस करतात. योग्य मापाचा कपॅसिटर लावला की फेस कमी होतो. आपल्या सोसायटीच्या पंपालाही हेच लागू आहे, खजिनदारसाहेब.

तिसरा, रात्रीची वीज. एका शाळेत मी शिपाईमामांना सांगितलं, संध्याकाळी सातला आणि सकाळी सहाला मीटरचा आकडा लिहा. अकरा तासांत १४ युनिटं. शाळा बंद, मुलं घरी, मग वीज कोण खातंय? वॉटर कूलर रात्रभर पाणी थंड करत होता, स्वच्छतागृहाचा एक्झॉस्ट पंखा फिरत होता, व्हरांड्यातले दिवे आणि संगणकांचे यूपीएस चालू होते. दिवसाला १४ म्हणजे वर्षाला पाच हजारांवर युनिटं, पन्नास हजार रुपये. कूलरला तीनशे-चारशे रुपयांचा टायमर लावला. बाकीचं मामांनी जाताना बंद करायला सुरुवात केली. म्हणून वॉटर कूलरची भेट देण्याआधी, असलेला कूलर रात्री काय करतो ते बघा.

चौथा, बटणं. चारही ट्यूब एकाच बटणावर असतात. खिडकीकडची रांग उन्हात न्हाऊन निघालेली असते, पण भिंतीकडच्या मुलांसाठी तिथलीही ट्यूब जळते. खिडकीकडची रांग वेगळ्या बटणावर घ्यायला एका इलेक्ट्रिशियनचा एक दिवस लागतो. त्याबरोबर छताला पांढरा रंग, धुतलेल्या काचा, खिडकीपुढून हलवलेलं कपाट. यात वीजशास्त्र काही नाही, घरात आपण करतोच.

पाचवा, गच्ची. वरच्या मजल्यावरचे वर्ग एप्रिलमध्ये तापतात आणि मग एसीची मागणी होते. स्लॅबवर चायना मोझॅक किंवा पांढरा उष्णतारोधक लेप दिला, तर वर्ग थोडा तरी निवतो. गळतीसाठी पत्र्याची शेड टाकायचीच असेल, तर हवा खेळती राहील अशी टाकावी. याने एसी लागणारच नाही असं मी म्हणत नाही. लागला तर लहान लागेल.

आणि सहावा, जो पैशात मोजता येत नाही. जुन्या इमारतीच्या मेन बोर्डावर तो कॅमेरा धरला, की सैल झालेली जोडणी लाल दिसते. एका ठिकाणी बोर्डाचं झाकण उघडलं तर वायरचं रबर वितळलेलं होतं आणि शेजारच्या कोनाड्यात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. मी पुढचं बोलत नाही.

आता सोलरबद्दल. मी सोलरच्या विरोधात आहे असा गैरसमज नको. एक किलोवॉटचं पॅनेल आपल्या भागात दिवसाला सरासरी चार युनिटं देतं. शाळा दिवसा चालते, म्हणून शाळेला सोलर शोभतं. पण आज शाळा गरजेपेक्षा जास्त वीज वापरत असेल, तर आपण ती उधळपट्टी धरून पॅनेल मोजणार. गळक्या टाकीत पाणी भरायला मोठा पंप आणण्यासारखं ते झालं. शिवाय मे महिन्यात ऊन भरपूर आणि शाळा बंद, त्या विजेचा हिशेब नेट मीटरिंगमध्ये कसा बसेल, गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली किती पडते, पॅनेल धुणार कोण, हे सगळं आधी ठरायला हवं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही महापालिकांनी नव्या इमारतींना सौर पाणीतापक बंधनकारक केले. चांगलाच निर्णय होता. पण आज तुमच्या नातेवाइकांच्या सोसायट्यांत किती तापक चालू आहेत आणि किती गच्चीवर गंजताहेत, हे तुम्हीच आठवा. वस्तू बसवणं सोपं. तिचं पुढचं बघणारा माणूस ठरवणं अवघड.

कोणी विचारेल, इतकं चांगलं आहे तर शाळा स्वतः का करत नाहीत? कारण त्यांना कोणी विचारत नाही. कायद्याने ऑडिट सक्तीचं आहे ते मोठ्या कारखान्यांना, रेल्वेला. इमारतींसाठी जी ऊर्जा संहिता आली, ती १०० किलोवॉट जोडभारापासून पुढच्या नव्या इमारतींची. आपली मराठी शाळा त्यात बसत नाही. कॉलेजांना निदान 'नॅक'चं मूल्यांकन असतं, त्यात ऊर्जा लेखापरीक्षणाबद्दल विचारतात, म्हणून ठाण्या-डोंबिवलीतली कॉलेजं ते करून घेतात. शाळेला नॅक नाही. अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार शासनाकडून येतात. वीजबिल, रंगरंगोटी, खडू, दुरुस्ती हे वेतनेतर अनुदानातून करायचं असतं, आणि ते किती व कधी हातात पडतं, हे कुठल्याही मुख्याध्यापकांना विचारा. म्हणजे बिलात वाचलेला रुपया हा शाळेच्या हातातला मोजका मोकळा रुपया आहे. त्यातून ग्रंथालयात पुस्तकं येतात, प्रयोगशाळेत काचसामान येतं. आपण 'वीज वाचवा' म्हणतो, त्याचा शाळेत हा अर्थ होतो.

जरा बाहेर काय चालतं तेही पाहू. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांना आपल्या इमारतीचं ऊर्जा प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. 'ए'पासून 'जी'पर्यंत श्रेणी. आपल्या फ्रिजवर तारे, तसे त्यांच्या शाळेवर. जर्मनीत हॅम्बर्गच्या शाळांत १९९० च्या दशकात 'फिफ्टी-फिफ्टी' नावाची योजना सुरू झाली. मुलांनी आणि शिक्षकांनी सवयी बदलून जेवढं बिल वाचवलं, त्यातली अर्धी रक्कम शाळेने ठेवायची, अर्धी नगरपालिकेच्या तिजोरीत. मुलं स्वतः मीटर वाचायची. पुढे ती युरोपभर पसरली. मला त्यातली गंमत ही वाटते की वाचवणाऱ्याच्या हातात काहीतरी पडतं. आपल्याकडे १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो, मुलांच्या चित्रकला स्पर्धा होतात. मुलं सुंदर चित्रं काढतात, घाम पुसणारी पृथ्वी वगैरे. मला एवढंच वाटतं की चित्र काढणाऱ्या मुलांना आपल्या शाळेचं मीटर कुठे आहे, तेही माहीत असावं.

शेवटी एक गोष्ट, जी माझ्या धंद्याच्या विरोधात आहे. ऑडिट झालं म्हणजे काम झालं, असं नाही. मी एका संस्थेला साठ पानांचा इंग्रजी अहवाल दिला होता. तक्ते, आलेख, सगळं. दोन वर्षांनी गेलो तर तो मुख्याध्यापकांच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढलेला नव्हता. मला राग आला. मग घरी येऊन मीच तो वाचायला घेतला आणि वीस पानांनंतर मलाही झोप आली. त्यानंतर मी प्रत्येक अहवालाला एक पान मराठीत जोडतो : कुठलं काम, कोणी, कधीपर्यंत, किती पैशांत. त्याची प्रत मेन बोर्डाशेजारी लावतो. कामं त्या पानामुळे होतात, आणि ती करतात शिपाईमामा. तेव्हा सन्मान करायचा झाला तर शाल त्यांना द्या.

तर सभेपुढे ठेवायची माझी सूचना अशी.

एक, ऑडिटसाठी तीन प्रमाणित लेखापरीक्षकांची कोटेशनं घ्यावीत. मी ते काम घेणार नाही. माझ्याच सोसायटीचे पैसे माझ्याच खिशात, असं कोणी म्हणायला नको. दोन, जो दिवे, पंखे किंवा पॅनेल विकतो त्याचं 'मोफत ऑडिट' स्वीकारू नये. तीन, ऑडिटला जेवढा खर्च येईल त्याच्या निदान तिप्पट रक्कम निधीत बाजूला ठेवावी, आणि ती अहवालातल्या पहिल्या कामांवरच खर्च व्हावी. चार, पाहणी दोनदा व्हावी : एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात. का, ते तुम्हाला आता माहीत आहे. पाच, आपल्यातले दोन सभासद वर्षभर दर महिन्याला शाळेत जाऊन बिल बघतील आणि सूचनाफलकावर आकडा लावतील. त्यातला एक मी. दुसरं नाव मला पावभाजीच्या रांगेत सांगा. आणि सहा, जे वाचेल त्यातली अर्धी रक्कम कशावर खर्च करायची, ते शाळेने मुलांना विचारून ठरवावं.

याने नावाची पाटी लागणार नाही. कदाचित मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलाला जुलैमध्ये जागेवर बसून फळा दिसेल. त्याला कळणारही नाही की यात आपल्या सोसायटीचा काही संबंध आहे. मला वाटतं, पंचवीस वर्षं एकत्र राहिलेल्या माणसांना एवढं चालायला हरकत नाही. सभेत तुम्ही एसीच्या बाजूने मत दिलंत तरी मी रागावणार नाही. फक्त तो २४ वर ठेवायला सांगा.

 उतरताना जिन्यातले दिवे चालू राहू द्या, पण गच्चीवरचा हा हॅलोजन कोणीतरी आठवणीने बंद करा.